उशिराचं खापर कुणावर फोडावं?

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या चालक आणि सुपरवायझरांसाठी

'जस्ट इन टाइम' पद्धतीत माल स्टोअरमध्ये नसतो, वाटेवरच्या गाडीत असतो. गाडी लांबली की लाइन थांबते आणि माल येण्याआधी कारण पोचवावं लागतं. ते देण्यापूर्वी उपग्रहाचं काम कोणतं आणि टॉवरचं कोणतं, हे पाठ करावं. एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर टाकणारे हमखास सापडतात.

कारण १. "रिचार्ज संपला, म्हणून जीपीएस बंद पडलं." वापरू नये. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फुकट संदेश सोडतात. चार उपग्रह ऐकू आले की फोन आपलं ठिकाण स्वतःच काढतो. रिचार्जअभावी अडतं ते नवा नकाशा उतरवणं आणि लोकेशन पाठवणं. सुधारित मसुदा : "साहेब, मी कुठे आहे ते मला कळत होतं, तुम्हाला कळवता येत नव्हतं."

कारण २. "पावसात उपग्रह सापडेना." मोह आवरावा. पावसात हटून बसते ती टीव्हीची छत्री. जीपीएसच्या लहरी ढगांना फारशा जुमानत नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र बिनधास्त बोलावं. तिथे उपग्रह दिसत नाही, फोन टॉवरवरून अंदाज बांधतो आणि म्हाळुंग्यातली गाडी खराबवाडीत दिसू शकते.

कारण ३. "अमेरिकेनं जीपीएस बंद केलं असेल." आजचे बरेच फोन रशिया, युरोप आणि चीनचेही उपग्रह ऐकतात, काही तर इस्रोचं 'नाविक'सुद्धा. सगळे एकाच दुपारी तुमच्यावर रुसले, हे पटवणं अवघड.

कारण ४. "रेंज नव्हती." लोकप्रिय, पण दगाबाज. गाडीतल्या ट्रॅकरला लोकेशन उपग्रह देतो, ते पाठवतं सिमकार्ड. रेंज गेली तरी अनेक ट्रॅकर ठिकाणं साठवून ठेवतात आणि रेंज येताच सगळी ओकतात. ढाब्यावरचा दीड तास मग वेळेसकट ऑफिसच्या स्क्रीनवर उमटतो.

कारण ५. "तळेगाव चौकात अडकलोय." सर्वोत्तम. उपग्रह साक्ष देतो, टॉवर ती पोचवतो, आजूबाजूच्या फोनांची संथ चाल पाहून नकाशा रस्ता लाल करतो. सगळी यंत्रणा चोख चालते. चालत नाही ती फक्त गाडी. पुरावाही सहसा कुणी मागत नाही, कारण फोन उचलणारे साहेब बहुधा त्याच चौकात, चार गाड्या मागे असतात.