गिटारवाल्यांनी सोल्डरिंग आयर्न कसं निवडावं

प्रथम अधिकारी कोण ते पाहू. ज्याच्या गिटारीचा जॅक हलवला की खर्रर्र होतं आणि दुरुस्तीवाला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो, तो या विद्येस पात्र. गिटार ठणठणीत वाजत असूनही ‘टोनमध्ये मजा नाही’ म्हणून जो ती उघडून बसतो, तोही पात्रच. आमच्या घरी त्याला मेहुणा म्हणतात.

नियम पहिला : वॅटला भिऊ नये. नवशिक्याला सगळे सांगतात, ‘२५ वॅटचं घे, पार्ट जळणार नाहीत.’ ठीक. आता स्ट्रॅटोकास्टरचं पिकगार्ड उलटं करा. खाली तीन पॉट दिसतील आणि त्यांच्या पाठीवर सोल्डर केलेल्या अर्थच्या तारा. ती पाठ म्हणजे सगळा पत्रा. टिप टेकवली की उष्णता गिळून टाकते. अणकुचीदार टोकाचं २५ वॅटवालं तिथे धरून बसलात तर शिसं नुसतं गोळी होऊन राहतं आणि तोवर पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो. ६० वॅटचं, तापमान ठरवता येणारं आयर्न घ्या, त्याला छिन्नीसारखी रुंद टिप लावा; तेच काम चार-पाच सेकंदांत उरकतं. पार्ट जळतात ते रेंगाळल्यामुळे.

६०/४० चं शिसं १८३ अंशांना वितळू लागतं, पण टिप ३५० च्या आसपास ठेवावी. पॉटच्या पाठीसाठी थोडी वर. मेहुण्याने ती थेट ४८० वर नेली. पेडलच्या बोर्डावरचं तांब्याचं कडं सोलून वर आलं. ‘आकडा दिलाय म्हणजे वापरायलाच दिलाय ना?’ हे वर.

नियम दुसरा : टिपेला कानस लावू नये. तांब्यावर लोखंडाचा मुलामा असतो. तो गेला की तांबं शिशात विरघळतं आणि टोकाला खड्डा पडतो. ओल्या स्पंजावर पुसा, आणि बंद करण्याआधी टिपेला शिसं लावून ठेवा.

नियम तिसरा : तीन पिनांचाच प्लग. तिसरी पिन शोभेची नसते.

नियम चौथा : शिसं बारीक, ०.८ मिलिमीटरच्या आसपासचं, रोझिन कोअरचं. नळाच्या कामाचा ॲसिड फ्लक्स इथे आणाल तर सांधे कालांतराने हिरवे होतील. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा.

नियम पाचवा, खास पेडलवाल्यांसाठी : आयसी थेट सोल्डर न करता आधी सॉकेट बसवावं. ट्यूब स्क्रीमरच्या जातीच्या पेडलात ४५५८ काढून दुसरी, दुसरी काढून पुन्हा ४५५८, असा खेळ चालणारच असतो. प्रत्येक वेळी मेहुणा डोळे मिटून म्हणतो, ‘आत्ता उघडला आवाज.’ जर्मेनियम ट्रान्झिस्टर असेल तर सोल्डर करताना त्याचा पाय चिमट्यात धरावा. उष्णता चिमट्यात जाते.

बाकी खोटं कशाला बोलू, त्याचा हात सुरेख आहे. तार आणि टॅग दोन्ही एकदम तापवतो, शिसं टिपेला न लावता सांध्याला लावतो. ते पसरलं की आधी शिसं उचलतो, मग टिप, आणि थिजेपर्यंत तार तसूभर हलू देत नाही. सांधा चकचकीत, कडांना उतरता, पाहत राहावा असा. सगळं झाल्यावर गिटार ॲम्पला लावतो, एक ई मायनर वाजवतो आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागतो. पूर्ण गाणं त्याच्याकडून आम्ही अजून ऐकलेलं नाही.

खरेदीला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. जास्तीची टिप तिथेच मागून घ्या. तुमच्या मॉडेलची नंतर मिळेलच असं नाही. आणि आमच्याकडे उसनं मागायला येऊ नका, ते मेहुण्याकडे आहे.