थापाड्याची साक्ष

गळ टाकून मासे गरवणाऱ्या माणसाच्या शब्दावर कोर्टात कुत्र्यालाही जामीन मिळणार नाही. निसटलेल्या माशाची गोष्ट निघाली की त्याचे दोन्ही हात आपोआप फाकतात, आणि ऐकायला पाहुणे बसलेले असले तर दिवाणखान्याची रुंदी कमी पडते. त्यात तो म्हातारा असला आणि ‘आता पूर्वीचे मासे राहिले नाहीत हो’ असं म्हणू लागला, तर संपलंच. पूर्वीचे आंबे, पूर्वीचे मास्तर, पूर्वीचं तूप यांच्या रांगेत त्याचा मासाही जाऊन बसतो. माझं म्हणणं असं, की नद्यांच्या बाबतीत हा थापाड्या म्हातारा आपल्याकडचा फार भरवशाचा साक्षीदार आहे, आणि भरवशाचा आहे तो थापाड्या आहे म्हणूनच. वीतभर माशाला तो तरुणपणी दोन विती सांगायचा, आजही दुप्पटच सांगतो. थापेचं प्रमाण आयुष्यभर कायम आणि हातांमधलं अंतर मात्र वर्षागणिक कमी, असं असेल तर त्या कमी होण्यात थाप कुठून येणार? भोयाची साक्ष याहून वजनदार, हे कबूल. पण पोटासाठी जाळं टाकणाऱ्याला वह्या भरायला सवड नसते. ती रिकामपणाची चैन गळवाल्याचीच.

पडताळा घ्यायचा तर प्रवासाला निघावं, आणि निघावं पुण्यातून. जगातल्या सगळ्या गोष्टी पुण्यात सुरू झाल्या असं मानणारे या एका बाबतीत खरे ठरतात. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या कर्नल साइक्सने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका महाशीर माशाचं शास्त्रीय वर्णन १८३९ साली छापलं. आपल्याकडचा खडशी तो हाच; शास्त्रज्ञ त्याला टॉर खुद्री म्हणतात. मोठे खवले, ताकद अशी की काठी वाकवून माणसालाच पाण्यात ओढू बघेल, आणि आवड वाहत्या, स्वच्छ पाण्याची. आज उन्हाळ्यात मुंढव्याच्या पुलावर नाकाला रुमाल लावून उभं राहावं. जलपर्णी माजलेली असली तर गळ पाण्यापर्यंत पोचणंच मुश्कील. पोचलाच तर चिलापी लागण्याची शक्यता जास्त. आफ्रिकेतला हा पाहुणा १९५२ साली भारतात आणला गेला. बाहेरगावच्या माणसाला पुण्यात खोली मिळायला जेवढा त्रास पडतो, तेवढाही चिलापीला पडलेला दिसत नाही. घाण पाणी तिला चालतं, घरमालकाच्या अटीही चालल्या असत्या. शहर म्हटलं की असं व्हायचंच, असं कोणी म्हणेल. म्हणून पुढे आळंदीला जावं. तिथे इंद्रायणीवर कधी कधी पांढराशुभ्र फेस तरंगतो. लांबून पाहणाऱ्या भाविकाला तो क्षीरसागर वाटला तर दोष भक्तीचा नाही, कारखान्यांच्या आणि गावांच्या सांडपाण्याचा आहे.

तरीही शंकेखोर म्हणतोच, की नदी बिघडली हे डोळ्यांना दिसतं, पण मासे लहान झाले हे म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ. तरुणपणी सगळंच मोठं वाटतं. या आक्षेपाचं उत्तर अमेरिकेत, फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरात मिळतं. तिथे हौशी गळवाल्यांना बोटीतून समुद्रावर नेतात आणि परतल्यावर त्या दिवशीचे मासे फळीला टांगून त्यांच्याशेजारी फोटो काढतात. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातले असे फोटो मोजले. सुरुवातीला टांगलेल्या माशाचं सरासरी वजन १९.९ किलो होतं, शेवटी उरलं २.३ किलो. कॅमेऱ्याला तरुणपण आठवत नाही आणि त्याचा गुडघाही दुखत नाही. गंमत म्हणजे फोटोतली माणसं मात्र सगळ्या वर्षांत सारखीच खूश दिसतात. प्रत्येक पिढी आपण पहिल्यांदा पाहिलेल्या समुद्रालाच भरलेला समुद्र समजते, असं डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली मांडलं होतं. म्हणजे स्मरणरंजनाचा रोग म्हाताऱ्यापेक्षा तरुणाला जास्त: त्याला काही हरवल्याचा पत्ताच नसतो.

आता पुण्याकडून घाटाच्या दिशेने लोणावळ्याला यावं. इथून चिक्की बाहेर जाते हे सर्वांना ठाऊक. पण सत्तरच्या दशकापासून इथून दुसराही एक माल बाहेर गेला, तो म्हणजे महाशीरची पिल्लं. टाटांच्या वीज कंपनीने वळवण तलावाकाठी या माशाची पैदास सुरू केली आणि पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडण्यासाठी दिली. हेतू चांगला, काम कौतुकाचं. त्यातली काही कर्नाटकात कावेरीत पोचली. तिथे आधीपासून कावेरीचा स्वतःचा महाशीर नांदत होता, पाठीला कुबड असलेला आणि आकाराने प्रचंड. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांनी काढलेला मासा १२० पौंडांचा होता. (साडेचोपन्न किलो. इथे हात फाकवायची गरज नाही, नुसता आकडा सांगितला तरी समोरचा खुर्ची मागे सरकवतो.) कावेरीकाठच्या गॅलिबोर तळावर देशोदेशींचे गळवाले येत आणि पकडलेला मासा मोजून, नोंद करून परत सोडत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या संशोधकांनी उघडल्या, आणि पहिल्या नजरेला म्हातारा सपशेल हरला: गळाला लागणाऱ्या महाशीरांची संख्या वाढत गेली होती! पण वाढला होता तो आपला निळसर परांचा घाटी पाहुणा, खडशी. कुबडवाला घटत गेला होता आणि पिल्लं तर क्वचितच दिसत होती. २०१८ साली त्याला एकदाचं नक्की शास्त्रीय नाव मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. बारसं आणि अतिदक्षता विभाग एकाच वर्षी. ‘मासे आहेत, पण पूर्वीचे नाहीत’ हे म्हाताऱ्याचं रडगाणं इतकं शब्दशः खरं निघेल, असं त्याला स्वतःलाही वाटलं नसेल.

यात गळवाले निर्दोष आहेत असं नाही. तलाव कुठलाही असो, त्यात आपल्या आवडीचा मासा सोडा म्हणून आग्रह धरणारी जमात आमचीच. पण धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने मासे मारणं आणि सांडपाणी यांच्यापुढे एका काठीचा गुन्हा किती? शिवाय गुन्ह्याची तारीखवार नोंद स्वतःच ठेवणारा दुसरा गुन्हेगार दाखवा. वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन कावेरीच्या त्या पट्ट्यातले तळ बंद झाले, तेव्हा त्या वह्याही थांबल्या. मासे वाचले असतील तर उत्तमच. किती वाचले हे सांगणारा मात्र घरी बसला.

खरी काळजी पुढच्या काळाची आहे. हल्लीचा तरुण गळवाला थाप मारत नाही, फोटो काढतो. काढताना मासा हात ताणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरतो आणि स्वतः मागे सरकतो, त्यामुळे तळहाताएवढी चिलापी रेड्याएवढी दिसते. आमच्या थापेला निदान एक ठरलेलं प्रमाण होतं; या थापेचं प्रमाण हाताच्या लांबीनुसार आणि फोनच्या कंपनीनुसार बदलतं. पन्नास वर्षांनी एखादी संशोधिका हे फोटो मोजायला बसली, तर मुळा-मुठेत २०२५ च्या सुमारास देवमासे होते असा निष्कर्ष निघायचा. तेव्हा तरुणांना एवढंच सांगणं आहे, की मासा जमिनीवर ओल्या फडक्यावर ठेवावा, शेजारी आपली चप्पल ठेवावी आणि मग फोटो काढावा. चपलेचा नंबर दिसला पाहिजे.