अकरावीतल्या चिरंजीवांच्या तीर्थरूपांस

माननीय पालकसाहेब,



परवा भौतिकशास्त्राच्या तासाला आपला फोन आला, त्याबद्दल सगळ्या वर्गातर्फे आभार. मी जडत्व शिकवत होतो. बाहेरून बल लागेपर्यंत स्थिर वस्तू स्थिरच राहते, हे फळ्यावर लिहून झाले होते आणि वर्ग त्याप्रमाणे स्थिर होता. तेवढ्यात आपल्या चिरंजीवांच्या दप्तरात ढोल-ताशा वाजला आणि साठ माना एकदम मागे वळल्या. असे चोख प्रात्यक्षिक आमच्या प्रयोगशाळेत होत नाही.

कामही निकडीचे होते. "वर्गात आहेस ना?" असे आपण विचारलेत. चिरंजीव बाकाखाली वाकून "हो" म्हणाले. आपण विचारेपर्यंत ते खरोखरच वर्गात होते.

फोन बंद ठेवायला सांगितले की आपण म्हणता, "उद्या काही इमर्जन्सी आली तर?" आपल्या दूरदृष्टीला वंदन. आजवरच्या इमर्जन्सी मी अदबीने ऐकल्या आहेत. डब्यातली भाजी संपवलीस का. येताना दळण घेऊन ये. आणि सर्वांत गंभीर म्हणजे, सिलिंडरवाला दारात उभा आहे, ओटीपी सांग. घरातला गॅस अकरावीतल्या मुलाच्या नंबरावर नोंदवावा, हा विश्वास मला हलवून गेला. कार्यालयात लँडलाइन आहे, निरोप आला की शिपाईमामा लगेच वर्गात येतात. पण मामांना ओटीपी कुठला ठाऊक असणार!

"व्हायब्रेटवर असतो हो त्याचा" या आश्वासनाबद्दलही ऋणी आहे. लाकडी बाकावर थरथरणारा फोन पुढच्या तीन रांगांना ऐकू जातो. घन पदार्थातून ध्वनीचे वहन कसे होते, हा भाग त्यामुळे वेगळा शिकवावा लागला नाही.

एकदा फोन काढून घेतला, तेव्हा आपण तातडीने प्राचार्यांच्या केबिनमध्ये अवतरलात आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल आम्हा अडाण्यांना समजावून सांगितलात. शाळेत फोन आणण्यावर सरसकट बंदी नको, असे न्यायालय म्हणते. अगदी खरे. आपला उत्साह पाहून मी पुढेही वाचले. वर्गात फोन वापरायला मनाई असावी, शक्य तिथे तो आल्या आल्या जमा करून घ्यावा, शिस्तीसाठी जप्त केला तरी चालेल, हेही त्याच निकालात आहे. आपल्या प्रतीत ती पाने नसावीत. झेरॉक्स काढून ठेवली आहे, केव्हाही न्यावी.

पालकांच्या ग्रुपवर आपण पाठवलेला 'मुलांना मोबाईलपासून वाचवा' हा व्हिडिओ फारच हृदयस्पर्शी होता. भर तासाला आला. चिरंजीवांनाही पाठवला होतात, त्यांनी लगेच पाहिला.

२०२० मध्ये सगळी शाळाच फोनमध्ये शिरली होती. तेव्हा आपण पोटाला चिमटा काढून चिरंजीवांना फोन घेऊन दिलात. याबद्दल मात्र मनापासून धन्यवाद. परत घ्यायचा तेवढा राहून गेला.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक मागासलेले गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे ठरले. आईबापांनीसुद्धा! आपल्यासारख्या पुढारलेल्या माणसाने तिकडे न फिरकणेच बरे. भोंगा आपल्या रिंगटोनहून मोठा आहे.

शेवटी एक नम्र विनंती. सोबत वेळापत्रक जोडले आहे. अकरा ते साडेअकरा मधली सुट्टी असते. त्या अर्ध्या तासात आपण मनसोक्त फोन करावा. चिरंजीव तेव्हा गेम खेळत असल्याने उचलणार नाहीत, पण प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाही.

आपला आज्ञाधारक,
वर्गशिक्षक, अकरावी सायन्स