कुटुंब रंगलंय खणात

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. सगळ्यांचा मिळून एक नीट, फोटोग्राफरने काढलेला फोटो हवा, असं ताई म्हणाली. इथपर्यंत घरात शांतता होती. मग फोटोग्राफरने ॲडव्हान्स घेतला आणि व्हॉट्सॲपवर यादी धाडली. रेघा नकोत, चौकडे नकोत, भडक रंग नकोत, अक्षरं छापलेले टीशर्ट नकोत. सगळ्यांनी मातकट छटा घालाव्यात. आमच्या पेणकरपाड्यात त्यासाठी खरेदीची गरज नाही. हायवेकडच्या बाल्कनीत कुठलाही पांढरा सदरा दोन दिवस वाळत टाकला की मातकट छटा आपोआप येते.

एखादा विषय हाती आला की मी त्याचा अभ्यास करतो, आणि मग तो घरच्यांना भोगावा लागतो. बारीक रेघांचं कापड आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांत गुंतली की कापडावर नसलेल्या लाटा फोटोत उमटतात. त्याला मॉयरे म्हणतात. लालभडक कापड ऊन परतवून आपला रंग हनुवटीवर फेकतं. पांढरंशुभ्र जास्त झालं की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि माणसं काळवंडतात. हे सगळं मी जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, ‘‘अहो, कोशिंबीर घ्या.’’

खरी अडचण आई होती. तिला लाल पैठणीच नेसायची होती, आणि त्यामागे कारण होतं. भिंतीवरच्या फोटोत पणजीचं लुगडं काळंकुट्ट दिसतं. प्रत्यक्षात ते लालचुटूक होतं. त्याचा तुकडा आईच्या गोधडीत अजून आहे. मी लगेच समजावलं की त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, लाल ते काळं उतरे आणि निळं पांढुरकं. आई म्हणाली, ‘‘मग आता दिसतो ना? आता काढ की लाल.’’ यावर माझ्या अभ्यासात उत्तर नव्हतं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 साली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्याच जमान्यात फोटो काढत. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांना निदान आदल्या आठवड्यात रंगांची यादी येत नसावी. होतं ते चांगलं नेसायचं आणि हलायचं नाही.

शेवटी ताईने तोडगा काढला : खण. मोहरी रंगाचा, गुळेदगुड्डचा. बायकांना साड्या, मुलींना परकर-पोलकं, पुरुषांना जाकिटं आणि वर तयार फेटे. आईला लाल काठावर राजी केलं. खणाची वीण इतकी बारीक असते की माझ्या मॉयरेपुराणात तो पहिल्याच अध्यायात बाद ठरतो. पण तोवर कापड फाडून झालं होतं. माझं जाकीट शिवताना शिंप्याने पोटापाशी टेप दोनदा लावली आणि पोऱ्याला म्हणाला, ‘‘बटणं शोभेची लाव.’’

जागा ठरली उत्तनचा किनारा, वेळ मावळतीची. ताई-भावोजी बोरिवलीहून निघाले ते दहिसर नाक्यावर अडकले. ऑक्टोबर 2024 पासून तिथे छोट्या गाड्यांना टोल माफ आहे, आता फक्त कोंडीत थांबायचं. आम्ही काशिमिरा, गोल्डन नेस्ट असं करत भाईंदर ओलांडलं. रिक्षात फेटा डोक्यावर राहत नाही, मांडीवर ठेवला तर चुरगळतो. मी तो हातात उंच धरून बसलो. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने नवरदेव कुठाय म्हणून विचारलं.

किनाऱ्यावर पोचलो आणि पाहिलं तर सगळीकडे मोहरी रंग. कुणाचं डोहाळजेवण, कुणाची साठी, आणि सगळे खणात, सगळे फेट्यात. वाऱ्यावर बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास, त्याने बाबांचं चित्त तिकडे ओढलं. ‘‘भाव विचारून येतो,’’ म्हणून ते गेले.

ऊन उतरायला लागलं. फोटोग्राफर ओरडत होता. मांडणी माझ्याकडे होती, कारण अभ्यास माझा होता. उंच मागे, लहान पुढे, लाल काठ मधोमध. आईशेजारी जागा रिकामी होती. बाबा पाठमोरे दिसले, समुद्राकडे बघत उभे. मी जाऊन दंड धरला, ‘‘चला, सगळे खोळंबलेत,’’ असं दटावलं आणि आणून उभं केलं. फोटोग्राफरने हुकूम सोडला, ‘‘कॅमेऱ्याकडे कोणी बघू नका, सगळे सूर्याकडे बघा, सहज.’’ आम्ही सहज बघितलं. मीही पोट आत ओढून, श्वास रोखून सहज बघत होतो. खटाखट फोटो निघाले. सूर्य बुडाला.

तेवढ्यात वाळूतून बाबा आले, हातात कागदाचं पुडकं. ‘‘झालं का सुरू?’’

आईशेजारचे गृहस्थ तेव्हा कुठे वळले. सभ्य होते बिचारे. त्यांच्याकडच्या साठीत सकाळपासून जो तो त्यांना धरून कुठे ना कुठे उभं करत होता, त्यामुळे त्यांना आमच्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

सगळ्यांचे डोळे उघडे आहेत असा नेमका त्यांच्यासोबतचाच एक फोटो निघाला. त्यात मी ताईच्या फेटेवाल्या पोराआड आहे. माझा एक कान दिसतो. फोटोग्राफर म्हणाला, जास्तीचे पैसे दिलेत तर दुसऱ्या फोटोतून बाबांचा चेहरा उचलून बसवून देतो.

बाबांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला. ‘‘कशाला खर्च?’’ ते म्हणाले. ‘‘जाकीट तर तेच आहे.’’

‘‘आणि हे सरळ उभे आहेत,’’ आई म्हणाली.