नख अडकतंय का बघा

जुनी जिप्सी बाळगणाऱ्या माणसाची गाडी रस्त्यावर क्वचितच दिसते. ती पार्किंगमध्ये घोडीवर चढवलेली असते आणि जिप्सीवाले तिच्याखाली असतात. बाहेर दिसतात ते फक्त त्यांचे दोन पाय. सोसायटीतली पोरं शाळेला जाताना त्या पायांनाच 'गुड मॉर्निंग काका' म्हणतात.

लष्कराच्या लिलावातून आली तेव्हा गाडी धडधाकट होती. जिप्सीवाल्यांनी हौसेने तिला थोराड टायर चढवले. चाक मोठं झालं की ते फिरवताना एक्सल शाफ्टवर पीळ जास्त येतो, हे त्यांना पाठ आहे. पण टायर घेताना पाठांतर कोणाला आठवतं? सिग्नलला शेजारच्या एसयूव्हीकडे वरून बघायला मिळेल, एवढंच तेव्हा आठवतं.

मग आवाज यायला लागतो. म्हणजे त्यांना येतो. "वळताना पुढून कटकट आली, तर चाकाजवळचा जॉइंट गेला. वेगाबरोबर घूं-घूं वाढलं, तर बेरिंग. रिव्हर्समधून पहिला टाकताना ठक्क झालं, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघायचे, मग एक्सलचे दाते." यातलं सगळं बरोबर असतं, हीच पंचाईत. थापा मारत असते तर लिफ्टमधून बिनधास्त उतरून जाता आलं असतं.

खात्री करायची त्यांची रीत मात्र अजब आहे. पुढचीही चाकं जोडून, स्टिअरिंग पूर्ण वळवून ते पार्किंगच्या फरशीवर गोल-गोल फिरतात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. आणि हा फरक मिटवणारं मधलं डिफरन्शियल जिप्सीत नाही. चिखलात टायर घसरून हिशेब चुकता होतो. कोरड्या फरशीवर तो सगळा पीळ जॉइंट आणि शाफ्ट सोसतात. म्हणजे शाफ्ट झिजलाय का हे बघता बघता तो झिजवायचीही सोय. फरशीवर उमटलेल्या काळ्या वर्तुळांबद्दल सेक्रेटरींनी काढलेली नोटीस जिप्सीवाल्यांनी जपून ठेवली आहे. तिच्यामागे टॉर्कचे आकडे मांडलेत.

शेवटी मिस्त्री येतो. याला बोलायची सवय नाही. मागचा ड्रम काढतो, तर ब्रेकचे लायनर गिअर ऑइलने न्हालेले. शाफ्ट बाहेर ओढून पुसतो आणि ऑइल सीलची कड जिथे घासते तिथे नख फिरवतो. नख अडकतं.

"नवीन सील टाकलं तरी गळणार. शाफ्ट बदला."

"वेल्डिंगने भरून लेथवर घासून घेतला तर?"

"तापवला की कडकपणा जातो, साहेब. चाक याच शाफ्टवर आहे. घाटात तुटला तर चाक तुमच्या आधी खाली पोचेल."

मग कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या दुकानांत जिप्सीवाल्यांची यात्रा. तिथे ते प्रत्येक शाफ्ट डोळ्यासमोर धरून दात्यांना पीळ पडलाय का ते बघतात आणि दुकानदाराला पिळतात. पुढचं काम मात्र झटपट आटोपतं : बेरिंग अडवणारी जुनी रिंग छिन्नीने फोडायची, नवं बेरिंग आणि नवी रिंग प्रेसवर बसवायची, सील, ऑइल, संपलं.

गाडी आता गप्प धावते आणि जिप्सीवाल्यांचा चेहरा उतरतो. त्यांना दुरुस्त झालेली गाडी नकोच असते, दुरुस्त होत असलेली हवी असते. सिंहगडाला जाऊन येतात, कान देऊन ऐकतात, काहीच नाही! बायको म्हणते, "किती छान चालतेय!" ते उत्तरही देत नाहीत.

जुना शाफ्ट हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभा असतो. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यावर नख फिरवावं लागतं. "लागलं का?" पाहुण्याच्या नखाला काही लागत नाही, पण चहा अजून यायचा असतो, म्हणून तो म्हणतो, "लागलं, लागलं."