समुद्राचे टाचण

बी.एड.च्या अभ्यासक्रमात निरोपाच्या सहलीला गुण नाहीत, तरीही ती चुकवणारा छात्राध्यापक सहसा सापडत नाही. गुलबर्गा-बीदरकडच्या अध्यापक महाविद्यालयांत या सहलीचा मुहूर्त ठरलेला असतो: वार्षिक पाठ आटोपल्यावर आणि लेखी परीक्षेने पोटात गोळा येण्याआधी. मधल्या आठ-दहा दिवसांत भावी शिक्षकाला कोणाला काही शिकवायचे नसते आणि स्वतःलाही काही शिकायचे नसते. अशी अवस्था पुढे थेट निवृत्तीनंतरच येते.

वर्गाची घडण मुळातच सहलीला पोषक असते. एका बाकावर कानडी, दुसऱ्यावर दखनी, तिसऱ्यावर तेलुगू आणि खिडकीजवळ लातूर-उस्मानाबादकडची मराठी मंडळी. हा सगळा मुलूख एके काळी हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत गुलबर्गा आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तेव्हापासून उमरग्याच्या मुलाला आळंदच्या अलीकडची सीमा ओलांडताच परराज्यात शिकायला गेल्याचा मान मिळतो. ‘पोरगं कर्नाटकात शिकायला हाय’ असे सांगताना वडिलांचा आवाज लंडनला पाठवल्याइतका चढतो. बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते, 2015-16 पासून दोन वर्षांचे झाले. शुल्क वाढले, सराव पाठ वाढले, निरोपाचे रडणे मात्र पूर्वीइतकेच राहिले.

सहलीचे स्थळ समुद्रच असावे याबद्दल मतभेद नसतात. याचे कारण भौगोलिक आहे. जिल्ह्यात भीमा आहे, शहरात शरणबसवेश्वराचा तलाव आहे, जमिनीत शहाबादी फरशी आहे आणि शेतात 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली तूर आहे. समुद्र तेवढा नाही. भूगोल पद्धती घेतलेला छात्राध्यापक वर्षभर ‘भरती-ओहोटी’ हा घटक कार्डबोर्डच्या तक्त्यावर शिकवतो. निळ्या रंगाची बाटली संपली की त्याच्या समुद्राला ओहोटी लागते. या माणसाला एकदा खरा समुद्र दाखवणे ही वर्गाची नैतिक जबाबदारी ठरते.

कोणता समुद्र, यावर मात्र रण माजते. मुलांचा एक गट गोवा म्हणतो, दुसरा गोकर्ण. अखेरीस गणपतीपुळे निवडले जाते आणि या निवडीत कोणाचेही मत विचारात घेतलेले नसते. ती मुलींच्या घरच्यांनी केलेली असते. गोव्याचे नाव काढताच घरात डोळे वटारले जातात. गणपतीपुळे म्हटले की तेच घर नारळासाठी वेगळे पैसे देते. देव आणि समुद्र एकाच ठिकाणी असण्याचा हा शैक्षणिक लाभ आहे. गाणगापूरच्या दत्ताला पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या भागात हा मुद्दा कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

नकाशात गुलबर्गा आणि गणपतीपुळे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही सतरा अंशांच्या जरा वर. नाकासमोर पश्चिमेला गेले तर अंतर सुमारे 380 किलोमीटर भरते. सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाटाने जाणारी बस तेच पाचशेच्या घरात नेते. बस निघण्याची वेळ रात्री आठची असते आणि ती दहाला निघते. डब्यांत ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शेंगाची पोळी असते. कडक भाकरी महिनाभर टिकते, त्यामुळे बस कुठेही बंद पडली तरी कोणी घाबरत नाही. मराठी मुलांची खरी पंचाईत सीमेवर होते. आपल्याच राज्यात शिरताना त्यांची गाडी केए 32 क्रमांकाची, म्हणजे परराज्यातली असते. परवाना तपासणाऱ्याशी शुद्ध मराठीत बोलायला त्यांनाच पुढे केले जाते आणि वर्षभर कानडीत रुळलेल्या तोंडातून पहिला शब्द ‘सार’ असा निघतो.

प्रशिक्षणाचा अंमल प्रवासात ओसरत नाही. छात्राध्यापक एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. वयाने मोठे असतील ते अण्णा आणि अक्का, बाकी सगळे सर आणि मॅडम. पाठाप्रमाणे सहलीचे टाचणही रीतसर काढलेले असते: प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, गृहपाठ. प्रस्तावनेत आंबा घाटातल्या उलट्या येतात. हेतुकथन बसच्या दारात उभे राहून होते, ‘आज आपण समुद्र पाहणार आहोत’. त्या क्षणी समुद्र खिडकीत दिसतच असतो आणि हेतुकथन ऐकायला बसमध्ये चालक उरतो.

समुद्रस्नानाचा विधी सावध असतो. गणपतीपुळ्याचा किनारा पोहायला धोक्याचा आहे, तशा पाट्याही आहेत. गुलबर्ग्याच्या मंडळींना पाट्यांची गरज नसते, कारण पोहता येणारे कोणी नसतेच. चार भाषा जाणणारा हा समुदाय हात धरून साखळी करतो आणि गुडघाभर पाण्यात थांबतो. लाट आली की ‘सर, फुडं जाऊ नका!’, ‘मॅडम, नक्को!’ आणि ‘अय्यय्यो!’ एकदम उठतात. विज्ञान पद्धतीचा छात्राध्यापक ओंजळभर पाणी चाखून समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात हे पडताळून पाहतो आणि बराच वेळ थुंकत राहतो. भूगोलवाला वाळूवर काठीने चंद्र, पृथ्वी आणि पाण्याचा फुगवटा काढतो. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, हे तो पाठमोरा उभा राहून समजावत असताना भरती त्याच्या चपला घेऊन जाते. निरीक्षण वहीत याची नोंद ‘शैक्षणिक साधनाचा परिणामकारक वापर’ अशी होते.

सहलीला ‘शैक्षणिक’ हे विशेषण लागायचे तर एखादे स्मारक पाहावे लागते. ती सोय शेजारच्या मालगुंडला केशवसुत स्मारकात होते. 1866 चा जन्म असलेला हा कवी पोटासाठी शाळामास्तर होता. कोकणातून निघून खानदेशात फैजपूरला आणि शेवटी धारवाडला त्याने मुलांना शिकवले. 1905 मध्ये हुबळीला प्लेगने त्याचा मृत्यू झाला. कानडी मुलखात मराठी शिकवायला गेलेला मास्तर म्हणजे आपलाच पूर्वज, हे मराठीवाल्यांच्या एकदम लक्षात येते आणि पाच मिनिटे कोणी चेष्टा करत नाही. धारवाडची एक मुलगी वर्गात असली तर तिला पाहुणी म्हणून मध्ये उभे करून फोटो काढला जातो.

जेवण घरगुती खाणावळीत होते. सोलकढी पहिल्यांदा पाहणारे ती ताक समजून भातावर ओततात आणि रंग पाहून ताकाच्या तब्येतीची चौकशी करतात. उकडीच्या मोदकावर कानडी मंडळींचे आधीच प्रभुत्व असते, कारण त्यांच्याकडे कडबू आहे. वरण येताच मात्र सगळ्यांचे एकमत होते: ‘डाळ आमची न्हाई.’

सूर्यास्त हा सहलीचा गाभा. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने गणपतीपुळ्याला सूर्य गुलबर्ग्यापेक्षा सुमारे चौदा मिनिटे उशिरा मावळतो. निरोपाच्या दिवसाला मिळालेली ही चौदा मिनिटे सूर्य तळहातावर धरल्याचे फोटो काढण्यात खर्च होतात.

रात्री फिशपाँड वाचले जातात. चिठ्ठीवर नाव नसले तरी अक्षर सगळ्यांना ओळखू येते. वर्षभर एकमेकांच्या फलक लेखनाला शेरे दिलेले असतात. त्यानंतर भाषणे. पहिला वक्ता ‘मी जास्त बोलणार नाही’ म्हणून अर्धा तास बोलतो. दुसऱ्या भाषणाला मॅडम रडतात, तिसऱ्याला सर. ज्या दोघांनी तासिका वाटपावरून वर्षभर तोंड पाहिलेले नसते ते गळ्यात पडून सर्वांत मोठ्याने रडतात. ‘रडू नका’ हे चारही भाषांत सांगितले जाते आणि कोणत्याही भाषेत ऐकले जात नाही.

परतीच्या बसमध्ये सगळे झोपतात. जागे असतात चालक आणि खजिनदार. मूल्यमापनाचे काम खजिनदाराकडे असते. वर्गणीतून डिझेल, खोल्या, जेवण आणि भूगोलवाल्याच्या नव्या चपला वजा जाता काही रुपये उरतात. ते समान वाटावे, कॉलेजला फळा द्यावा की गणपतीच्या पेटीत टाकायला हवे होते, यावर सोलापूर येईपर्यंत चर्चा होऊन निर्णय पुढच्या सभेवर टाकला जातो. मग कोणी कर्नाटकाच्या टीईटीला बसतो, कोणी महाराष्ट्राच्या, कोणी लग्न करून हैदराबादला जाते. खजिनदार दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेबाचा कागद टाकतो, सगळे अंगठा दाखवतात. रक्कम मात्र त्याच्याकडेच राहते, कारण हिशेब मंजूर करायला सभा भरवावी लागते आणि सभेचे स्थळ गोवा की गोकर्ण हे अजून ठरायचे असते.