धाकट्या मालकांसाठी: कामगार म्हातारा झाला हे कसे ओळखावे

शिकून परत आलात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वडिलांच्या टॉवेल कारखान्यात आज पहिल्यांदा खुर्चीवर बसलात आणि ‘इथं म्हातारेच फार’ असं वाटलं, तर हे वाचा.

आधी हजेरीपट काढा. जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचा: 1 जून, 1 जून, पुन्हा 1 जून. ही जुळी भावंडं नव्हेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी हीच तारीख टाकली. त्यामुळे दर 1 जूनला निम्मं खातं एकदम म्हातारं होतं. आधार कार्डावरून खात्री करू म्हणाल, तर 2024 पासून भविष्य निर्वाह निधीवालेही जन्मतारखेला तो पुरावा धरत नाहीत.

मग फाटकावर पाटी लावा: ‘अनुभवी विणकर पाहिजे, वय 25 च्या आत.’ कोणी अडवणार नाही. खाजगी नोकरीत वयावरून डावलू नये, असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. असा विणकर मिळाला तर मात्र आम्हालाही दाखवा.

तोवर टेरीच्या मागाजवळ उभे राहा. इथं ताण्याचे बीम दोन. एक घट्ट, दुसरा सैल. त्या सैल सुताचेच टॉवेलवर फुगे उभे राहतात. सैल म्हणजे किती, हे त्या मागावरच्या म्हाताऱ्या मामांना विचारा. ते बोटानं सूत दाबतील आणि म्हणतील, “हितकं, मालक.” हे ‘हितकं’ वहीत उतरवून घ्या. जमलं, तर मामांना खुशाल घरी पाठवा.

आता खरा हिशेब. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 15,600 धरा. भागिले 26, गुणिले 15: वर्षाला 9,000. तीस वर्षांची ग्रॅच्युइटी 2,70,000 रुपये. कॅल्क्युलेटर खाली ठेवा आणि मामांकडे पुन्हा बघा. मघापेक्षा जास्तच म्हातारे दिसतायत ना? नवख्या मालकांना वय दिसतं ते बहुतेक इथंच.

राहिली कपात. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेला नियम असा की, एका प्रकारच्या कामातून माणूस कमी करायचा तर सहसा शेवटी आलेला आधी जातो. उलट केलं तर कारण लेखी द्यावं लागतं. ‘केस पांढरे’ हे कारण लिहून बघा, वकील फी वाढवून सांगेल.

हा नियम मालकांना लागू नाही. तरी हजेरीपट मिटताना त्यात शेवटी आलेलं नाव कोणाचं, ते मामांसमोर मोठ्यानं वाचू नका.